कुणी सांगितलं?

फ्लॉरेन्स चिडली की तिचा आवाज खाली यायचा. आपल्याकडे माणूस चिडला की आवाज चढवतो, भांडी आपटतो, समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हिचं उलटं. एरवी ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची. शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या मेडिकल सेंटरच्या दारात ती शिंकली तर मागच्या टोकाला लॅबमध्ये मला ऐकू यायचं. पण राग आला की अगदी हळू बोलायची. ऐकायला आपल्याला पुढे वाकावं लागायचं, आणि एकदा वाकलं की सुटका नव्हती.

ती युगांडाची. पन्नाशीला टेकलेली, रुंद खांद्यांची. आमच्याकडे सफाईला होती. मी लॅब टेक्निशियन. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टी बांधायची, रक्त काढायचं, यंत्रात घालायचं, निकाल कॉम्प्युटरवर चढवायचा. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मध्ये इथे येऊन शिकलेलं हिंदी. मी ते मराठीत लिहिते आहे, त्यात तिचा अर्धा तिखटपणा जातो. इलाज नाही.

"तुला कुणी सांगितलं?" हे तिचं पालुपद. आज वाळूचं वादळ येणार आहे म्हटलं, तर "कुणी सांगितलं?" मोबाईलने म्हटलं, तर "आणि मोबाईलला कुणी सांगितलं?" स्टोअरमधला साबण संपला असं मॅनेजर म्हणाला की तिचं "कुणी सांगितलं, सर?" व्हायचं, आणि पाच मिनिटांत ती दोन भरलेले कॅन काखोटीला मारून यायची. सुरुवातीला मला हा आगाऊपणा वाटे. सफाईवाल्या बाईने इतके प्रश्न विचारायचे असतात का, असं मी एकदा घरी म्हणाले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले होते.

तिची-माझी खरी ओळख कचऱ्याच्या पिशवीवरून झाली. लॅबमधली पिवळी पिशवी ती रोज दुपारी बदलायची. एका दुपारी पिशवीचं तोंड बांधता बांधता तिने विचारलं, "आज दोन आफ्रिकन आले होते, हो ना?"

"हो. नायजेरियाचे. तुला कुणी सांगितलं?" मी तिचंच वाक्य तिच्यावर उलटवलं आणि हसले.

ती हसली नाही. "तुझ्या ग्लोव्ह्जनी सांगितलं," ती इतकं हळू म्हणाली की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. "इंडियन, पाकिस्तानी, फिलिपिनो आला की तू एक जोडी टाकतेस. आम्ही आलो की दोन. एकावर एक चढवलेले, तसेच उलटे काढलेले. एक वर्ष झालं, मी रोज बघते. नर्सची पिशवी पण बघते. तुम्ही सगळ्या सारख्या."

मी काहीतरी बोलले. सवय, खबरदारी, प्रोटोकॉल. तिने ऐकून घेतलं.

"खबरदारी असती तर सगळ्यांना दोन असते," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच जोडी वापरायला लागले. त्यात कसला मोठेपणा? एका बाईने माझा कचरा वाचला आणि मी उघडी पडले, एवढंच.

गावाकडे ती कोण होती ते मग हळूहळू कळलं. त्यांच्यात बापाच्या बहिणीला, म्हणजे आपल्या आत्याला, सेंगा म्हणतात. भावाच्या मुली वयात आल्या की त्यांना शरीराचं, पुरुषाचं, लग्नाचं सगळं सेंगाने शिकवायचं. आईने नाही, ते आत्याचं काम आणि आत्याचा मान. गावात एचआयव्ही घरोघरी शिरला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने अशा सेंगांना गोळा करून शिकवलं: तुम्ही एरवीही सांगताच, आता हेही सांगा. फ्लॉरेन्स त्यातली. तिने मला विचारलं, तुमच्यात आत्या काय शिकवते? मी म्हणाले, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते. पुढे? पुढे काही नाही. माझ्या आत्याने मला आयुष्यात शरीराबद्दल एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस.

एकदा ती काही कामाने आमच्या अल मजाजच्या घरी आली होती. माझी मुलगी दहावीत. फ्लॉरेन्सने तिला सरळ विचारलं, शाळेत एचआयव्हीबद्दल काय शिकवलं? मुलगी म्हणाली, "देअर वॉज अ चॅप्टर. मिस सेड, रीड इट ॲट होम." फ्लॉरेन्सने माझ्याकडे बघितलं. "घरी काय शिकवलं?" मी चहा ओतत होते, ओतत राहिले. जाताना तिने माझं लाटणं मागून नेलं. मला वाटलं, चपात्या करणार असेल.

लाटण्याचं काय झालं ते मला पुढच्या सुट्टीच्या दिवशी कळलं. ती म्हणाली, ये बघायला. तिची खोली आमच्या सेंटरपासून गाडीने दहा मिनिटांवर, टायरच्या गोदामांच्या मागे. एका खोलीत दुमजली लोखंडी पलंग, आठजणी राहायच्या, त्या दिवशी पंधरावीस जमल्या होत्या. युगांडा, केनिया, घाना, कॅमेरून. कुणी सिक्युरिटी गार्ड, कुणी क्लीनर, कुणी कुणाच्या घरी मुलं सांभाळणारी. फ्लॉरेन्स खुर्चीत, आणि तिच्या गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर एक मुलगी बसलेली. फ्लॉरेन्स तिच्या डोक्यावर बारीक बारीक वेण्या घालत होती. हे काम चार-पाच तासांचं असतं. सलूनमध्ये त्याला भरपूर दिरहम पडतात. फ्लॉरेन्स फुकट करायची. एकच अट, वेण्या पुऱ्या होईपर्यंत उठायचं नाही आणि ती जे बोलेल ते ऐकायचं.

"डोकं माझ्या हातात आहे," ती मला म्हणाली. "पळून जाणार कुठे? अर्धं डोकं घेऊन ड्युटीवर जाता येत नाही."

आणि मग तिने शिकवायला सुरुवात केली. माझं लाटणं पलंगाच्या दांडीला उभं बांधलेलं होतं. कंडोम कसा उघडायचा, दात का लावायचे नाहीत, तेल का चालत नाही, नवरा नको म्हणाला तर काय बोलायचं, मालक अंगावर आला तर पुढच्या तीन दिवसांत कुठल्या गोळ्या लागतात. पोरी खिदळत होत्या. मी भिंतीकडे बघत होते. बेचाळीस वर्षांची, दोन पदव्यांची बाई, रोज या विषाणूची चाचणी करणारी, आणि मला माझ्याच लाटण्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात खाली बसलेली मुलगी म्हणाली, "पण मामा फ्लॉरेन्स, इथे त्याची गरज काय? इथे सगळ्यांची टेस्ट होते. टेस्टशिवाय व्हिसाच नाही. ज्याच्याकडे इथलं आयडी कार्ड आहे तो क्लीन आहे."

मामा म्हणजे त्यांच्यात आई, सगळ्या पोरी तिला तसंच म्हणायच्या. ही मर्सी. केनियाची, सव्वीस-सत्तावीसची, एका गोदामावर गार्ड. बाकीच्या मुलींनीही माना हलवल्या. मीही मनात हलवली. खरं आहे की! या देशात परदेशी माणसाच्या रक्तात हे सापडलं की व्हिसा रद्द, परत पाठवणी. मग जो राहिला तो फिटच असणार. माझ्याकडे रक्त द्यायला येणारी आपली कोकणातली माणसंही हेच म्हणायची, "मॅडम, हितं काय टेन्शन नाय, सगल्यांची टेस्ट होते." काय सोयीचा हिशेब. सरकारने सगळ्या पुरुषांची हमी घेतली आहे, आपण काळजी करायचं कारण नाही.

फ्लॉरेन्सचे हात थांबले. "कुणी सांगितलं तुला?" आवाज खाली आलेला.

"त्याची टेस्ट कधी झाली? कार्ड बनलं त्या दिवशी. आज किती दिवस झाले? मधल्या काळात तो कुठे गेला, कुणाबरोबर झोपला, सुट्टीवर घरी जाऊन आला, कार्डाला काय माहीत? कार्डावर त्याचा फोटो आहे, त्याचं रक्त नाही. आणि अजून एक ऐक. ज्याला शंका आली तो इथे तपासायला जाईल? सापडलं तर विमानात बसवतात. म्हणजे तो जाणारच नाही. गोळी घेणार नाही. तोंड बंद ठेवील आणि तुझ्याबरोबर झोपेल. त्यांना वाटतं आजार बाहेर काढला. बाहेर काढला तो ज्याचं कळलं तो माणूस. आजार इथेच आहे."

मर्सी म्हणाली, "तो चांगला आहे." कोण, ते कुणी विचारलं नाही. फ्लॉरेन्सने पुन्हा वेणी हातात घेतली, पण त्या दिवशी तिने ती जरा जास्तच घट्ट ओढली असावी, कारण मर्सीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. मी विचारलं, इतका राग कुठून आणतेस? तेव्हा तिने जोसेफचं सांगितलं. जोसेफ तिचा धाकटा भाऊ. तो इथेच, रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात होता. व्हिसाच्या तपासणीनंतर एका सकाळी त्याला कंपनीच्या माणसाने कपडे भरायला सांगितले. का? मेडिकल. मेडिकल म्हणजे काय? अनफिट. बास. आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. जोसेफने स्वतःच हिशेब लावला: सिमेंट, धूळ, खोकला, म्हणजे छाती. गावी जाऊन तो छातीवर काढे पीत राहिला. त्याने लग्न केलं. मूल झालं, सारखं आजारी पडायला लागलं, तेव्हा दवाखान्यात तिघांचं रक्त तपासलं. मूल गेलं, मग जोसेफ गेला. बायको गोळ्या घेते आणि आज शेतात काम करते.

"गावात गोळ्या फुकट होत्या," फ्लॉरेन्स म्हणाली. "मी स्वतः लोकांना दवाखान्यात घेऊन जात होते. माझ्या भावाच्या दारावरून जात होते. त्याला छाती झाली आहे असं मीही समजत होते. मी, सेंगा! इथल्या कुणाच्या तरी टेबलावर त्याच्या रिपोर्टचं पाकीट होतं. त्या माणसाला माहीत होतं. एक वाक्य सांगायला काय लागतं? मी मुलींच्या फीसाठी आले इथे, ते खरंच. पण मला ते टेबल पण बघायचं होतं."

आणि तसलंच एक टेबल ती रोज पुसत होती. ते माझं होतं.

हे कळायला हवं म्हणून सांगते. आमचं सेंटर खासगी. कंपन्या व्हिसाच्या नूतनीकरणाआधी आपली माणसं आमच्याकडे पाठवायच्या, आधीच अंदाज यावा म्हणून. निकाल माणसाच्या हातात द्यायचा नाही, हा आमच्या मॅनेजरचा दंडक. बंद पाकीट कंपनीच्या पीआरओकडे, म्हणजे व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाकडे. काही निघालं तर वर कळवायचं आणि पीआरओला फोन करायचा. ज्याच्या शरीरातून ते रक्त आलं, तो सोडून सगळ्यांना कळायचं. मी सहा वर्षं हे केलं. सहा वर्षांत एकदाही मला ते चुकीचं वाटलं नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढे मर्सीच्या व्हिसाचं नूतनीकरण निघालं आणि तिचं रक्त माझ्याकडे आलं. निकाल काय आला असेल ते तुम्ही ओळखलंच. फेरतपासणीतही तोच.

फ्लॉरेन्स लॅबची फरशी पुसत होती. तिने माझा चेहरा बघितला आणि मॉप भिंतीला टेकवला. "मला सांगू नकोस," ती म्हणाली. "मला ऐकायचंच नाही. तिला सांग. बाहेर बसली आहे, पाण्याचा ग्लास घेऊन. फक्त तिला."

"फ्लॉरेन्स, मला अलाऊड नाही."

"कुणी सांगितलं?"

"मॅनेजरने. रूल आहे. माझी नोकरी जाईल. माझी मुलगी दहावीला आहे."

"तिला हाकलणार ते हाकलणारच. ते तू थांबवू शकत नाहीस. पण नाव तरी घेऊन जाऊ दे. नाव कळलं तर ती पंचाहत्तर वर्षांची होऊन मरेल. नाही कळलं तर जोसेफ."

मी पाकीट चिकटवलं. जीभ लावून नाही, ओल्या स्पंजने. आमच्याकडे त्यासाठी खास स्पंज होता. काचेतून मर्सी दिसत होती. तिने मला ओळखून हात हलवला आणि मीही हलवला.

तिसऱ्या दिवशी तिचा पलंग रिकामा होता. सामान नाही, इथला नंबर बंद, गावाकडचा नंबर कुणाकडेच नव्हता. त्या खोलीतल्या मुलींना कुणीतरी सांगितलं, तिच्या पेपर्समध्ये प्रॉब्लेम होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हॉलमध्ये एका कंपनीची बस उतरली. निळ्या डांगरीतले पन्नास-साठ पुरुष, आपले, नेपाळी, आफ्रिकन, टोकन घेऊन बसलेले. फ्लॉरेन्स मॉप घेऊन हॉलच्या मधोमध आली आणि उभी राहिली. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा राग मोठ्या आवाजात आला.

"भाई लोग, सुनो! खून तुम्हारा है. रिपोर्ट माँगो! कंपनी को नहीं, तुमको मिलना चाहिए. अनफिट बोले तो पूछो, किस चीज़ में अनफिट? बीमारी का नाम पूछो! नाम नहीं बताया तो घर जाके पहले सरकारी अस्पताल में टेस्ट करो. बीवी के पास जाने से पहले! दवाई है. दवाई फ्री है. आदमी मरता नहीं इससे. नहीं मालूम होने से मरता है!"

मॅनेजर धावत आला. "फ्लॉरेन्स, ये क्या तमाशा है? ये एनजीओ नहीं है! यल्ला, पोछा मारो!"

"सर, आप नाम बताते हो क्या इनको?"

"खलास! आज से खलास. सामान उठाओ."

मी काचेच्या मागे उभी होते. मला बाहेर जाऊन एक वाक्य बोलता आलं असतं. मी पुढचं टोकन पुकारलं.

तिचा व्हिसा सेंटरचाच असल्यामुळे तो रद्द झाला आणि निघायला थोडेच दिवस मिळाले. त्या दिवसांत गुहागरकडचा एक जण माझ्या खुर्चीत आला. टाइल्स बसवणारा, तिशीतला, पुढच्या महिन्यात सुट्टीवर जाणार, बायकोसाठी घेतलेल्या सेंटची बाटली मला मोबाईलवर दाखवून विचारणारा, "मॅडम, हा बरा हाय ना?" त्याचाही निकाल तोच आला. फेरतपासणीचाही. पाकीट समोर होतं, स्पंज ओला होता.

नमुना परत हवा असं निमित्त करून मी त्याला पुन्हा बोलावलं. दंडाला पट्टी बांधली, सुई लावलीच नाही. खाली वाकले आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. आजाराचं नाव. बारशाला आत्या वाकते तशीच वाकले होते, हे मला नंतर सुचलं.

तो म्हणाला, "पण मॅडम, ती हितलीच व्हती. तिच्याकडं कार्ड व्हतं."

"माहीत आहे."

"मी मरनार का?"

"नाही. गोळी रोज घेतलीस तर म्हातारा होशील. रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घरी गेलास की बायकोजवळ जायच्या आधी तिथे जा. तिचंही रक्त तपास. हे तुला कंपनी सांगणार नाही. मी सांगते आहे."

त्याने मान हलवली. पट्टी मी सोडायची विसरले होते, हात निळा पडायला लागला होता.

फ्लॉरेन्सला निरोप द्यायला मी तिच्या खोलीखाली गेले. पांढरी व्हॅन उभी होती, चालू. तिच्या स्वतःच्या डोक्यावर ताज्या वेण्या होत्या. खोलीतल्या मुलींनी मिळून घातल्या होत्या, प्रत्येकीची पद्धत वेगळी, त्यामुळे डोकं जरा वाकडंतिकडं दिसत होतं. तिने बॅगेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझं लाटणं काढलं.

"हे घे. तुझी माणसं आहेत ना इथे, गाववाली? त्यांना शिकव."

मी ते घेतलं. मला राहवलं नाही. मला तिच्या तोंडून काहीतरी हवं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हणाले, "फ्लॉरेन्स, एकाला घरी पाठवून दिलं. त्याला नाव माहीत आहे."

ती दारात एक पाय ठेवून थांबली. "कुणी सांगितलं त्याला?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हसेल.

"तुझ्या गावाकडचा होता?"

"हो."

तिचा आवाज खाली आला. मी ऐकायला पुढे वाकले.

"आणि मर्सीला?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती आत बसली, दार सरकलं, आणि व्हॅन टायरच्या गोदामांमधून वळून मोठ्या रस्त्याला लागली. मी लाटणं हातात धरून तिथेच उभी होते.